शिवसागरावर कयाकचा मुक्काम : काय न्यायचं, कसं भरायचं

कोयनेच्या बॅकवॉटरला कयाकवर, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या निमुळत्या होडीवर, सामान लादून मुक्कामाला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती वजन चालेल?’ कयाकच्या माहितीपत्रकात १२०-१३० किलो लिहिलेलं असतं. त्यातून आपलं वजन वजा केलं तरी चाळीस-पन्नास किलोची मुभा उरते. आकडा खरा आहे, पण इथं फार उपयोगाचा नाही. पाण्यावर दहा किलो जास्त झाले तर वल्ह्याला विशेष कळत नाही. तेच दहा किलो मे महिन्यात काठावरून वर न्यायचे झाले की दम निघतो.

त्याचं कारण धरणात आहे. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पूर्ण भरला की १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं. पावसाळा संपला की वीज आणि सिंचनासाठी ते उतरत जातं, थेट मे अखेरपर्यंत. पातळी खाली गेली की झाडी आणि पाणी यांच्यामध्ये उघडाबोडका उतार पडतो. ऑक्टोबरात जिथं होडी झाडाला बांधता येते, तिथून एप्रिल-मेमध्ये पाणी शंभर-दीडशे मीटर लांब गेलेलं असतं, आणि त्यातले शेवटचे दहा-पंधरा मीटर चिखलाचे. वरून तडकलेला, वाळलेला दिसतो; पाय दिला की घोट्याच्या वर जातो. पिशवीत जाणारी प्रत्येक वस्तू या उतारावरून एकदा वर आणि एकदा खाली हातानं न्यायची आहे, हे धरून आम्ही सामान काढतो.

जागेचं आधी. जलाशयाकाठच्या बामणोली गावाच्या समोरचा, वासोटा किल्ल्याकडचा काठ कोयना अभयारण्यात येतो आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. तिथं रात्रीचा मुक्काम बंद आहे. वासोट्याला दिवसा जायचं तरी बामणोलीत वनखात्याची परवानगी काढून लाँचनं जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. कयाक घेऊन त्या काठाला ‘जरा उतरून बघू’ म्हणणं हा सरळ गुन्हा आहे. त्यामुळं मुक्काम अलीकडच्या काठाला, बामणोली ते तापोळा या पट्ट्यात, ज्याची जमीन आहे त्याला विचारून किंवा तिथल्या तंबूवाल्यांच्या आवारात. स्वतःची कयाक पाण्यात घालण्याआधी वनखातं आणि जलसंपदा खातं दोन्हीकडं विचारायचं आणि मिळेल ती परवानगी लेखी घ्यायची. तोंडी होकार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसासमोर चालत नाही.

सांगलीकर नेहमी विचारतात की हे सगळं आमच्या कृष्णेत का नको. औदुंबर, भिलवडी, डिग्रज या भागात मगरी आहेत, म्हणून नको. उन्हाळ्यात मादी काठाच्या वाळूत, मातीत अंडी घालते आणि जागा राखते. म्हणजे तंबूला सोयीची वाटणारी जागा नेमकी तिची. वारणेवरचं चांदोली धरणाचं पाणी राष्ट्रीय उद्यानात आहे, तोही विषय संपला. कण्हेर, उरमोडी, धोम या धरणांची पाणी दिवसभराच्या सरावाला चांगली, परवानगीचं बघून.

आता कयाक. प्लॅस्टिकची बंद डेकची (वरची बाजू झाकलेली, आत बसायची) टूरिंग कयाक चौदा फुटांची असली तर २४ ते २८ किलो भरते. वर बसायची सिट-ऑन-टॉप तेवढीच किंवा जास्त, आणि तिच्या पोटात सामान ठेवायला जागा कमी. हवेची दोघांची कयाक १२ ते १८ किलो. पॅकराफ्ट, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत मावणारी हवेची होडी, तीन-चार किलोत येते, पण वाऱ्यात ती पानासारखी फिरते आणि शिवसागराचा प्रश्न मुळात वाऱ्याचाच आहे. दोन दिवसांच्या मुक्कामाला बंद डेकची आणि पुढं-मागं झाकणबंद कप्पे असलेली कयाक आम्हाला सगळ्यात बरी वाटते. एसटीनं किंवा दुचाकीनं यायचं असेल तर हवेचीच घ्यावी लागते. मग काठावरच्या बाभळीच्या आणि करवंदीच्या काट्यांसाठी पीव्हीसीचा तुकडा, त्याचा गोंद आणि बारीक सँडपेपर सोबत हवाच. ठिगळ फाटल्या जागेच्या चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर बाहेर जाईल इतकं कापायचं, दोन्ही पृष्ठभाग घासून कोरडे करायचे, गोंद दोन्हीकडं लावून थोडा सुकू द्यायचा आणि मग दाबायचं. ओल्या पीव्हीसीवर गोंद धरत नाही. रात्रभर सुकलं तरच सकाळी पूर्ण हवा भरायची.

हवेच्या कयाकचं आणखी एक. काठावर उन्हात पूर्ण फुगवली आणि थंड पाण्यात घातली की ती सैल पडते. आत हवा गळत नसते, थंड झाल्यानं दाब उतरलेला असतो. पाण्यात पाच मिनिटं ठेवून पुन्हा पंप मारायचा. दुपारी जेवायला बाहेर काढली की याच्या उलट: ऊन लागून दाब चढतो आणि शिवण सुटू शकते. काठावर ओढल्याबरोबर प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडायची.

प्लॅस्टिकची कयाक साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला न्यायची तर गाडीच्या टपावर. आडव्या दोन पट्ट्या कॅरिअरच्या दांड्यांना, आणि शिवाय पुढच्या-मागच्या टोकाला एकेक दोर बंपरखालच्या हुकाला. टोकांचे दोर पुष्कळजण टाळतात. कासच्या सड्यावर आडवा वारा लागला की कयाक टपावर फिरायला बघते, तेव्हा त्या दोरांचं काम कळतं. पट्टी सपाट न ठेवता तिला एक-दोन पीळ द्यायचे म्हणजे ती वाऱ्यात घोंघावत नाही. आणि फार आवळायची नाही. एप्रिलच्या उन्हात प्लॅस्टिक मऊ पडतं, पट्टीच्या जागी बुडाला खोलगट खळगा पडतो आणि मग ती कयाक पाण्यात सरळ चालत नाही. पालथी बांधली किंवा कडेवर उभी बांधली तर हा धोका कमी. खळगा पडलाच तर उन्हात ठेवून आतून दाबल्यावर बराचसा बाहेर येतो, पूर्ण नाही.

एका माणसाचं, एका रात्रीचं सामान हिवाळ्यात साधारण असं बसतं. तीन बाय तीन मीटरची सिलिकॉन लावलेल्या नायलॉनची ताडपत्री, ६०० ग्रॅम. तिच्याखाली टांगायची मच्छरदाणी, ५०० ग्रॅम. फोमची चटई ४००. स्लीपिंग बॅग १.१ किलो, गॅसचा छोटा डबा, स्टोव्ह आणि एक पातेलं मिळून ७०० ग्रॅम, कोरडं खाणं १.३ किलो, कपडे १.२, औषधं आणि दुरुस्तीचं सामान ७००, दोर, स्पंज, शिट्टी, टॉर्च ६०० ग्रॅम. झाले साधारण सात किलो. आणि पाणी सहा लिटर, म्हणजे सहा किलो. निम्म्याला निम्मं वजन पाण्याचं आहे, आणि लोक दहा हजारांची हलकी स्लीपिंग बॅग घेऊन तीनशे ग्रॅम वाचवण्याच्या मागं असतात! पाणी गावातून भरून घेता आलं तर तीन लिटरवर भागतं. म्हणून आम्ही मुक्कामाची जागा हापसा किंवा नळ जिथं चालत पोचता येईल तिथंच धरतो. बॅकवॉटरचं पाणी प्यायचं झालं तर आधी भांड्यात तासभर निवळू द्यायचं, मग फडक्यातून गाळायचं, मग फिल्टर आणि शेवटी उकळी. गढूळ पाणी थेट फिल्टरला लावलं तर तो एका लिटरातच चोंदतो.

खाण्याचं सामान घरचं चांगलं. बाजारातली तयार ट्रेकिंगची पाकिटं महाग पडतात आणि पोट भरत नाही. माणशी दिवसाला ६००-६५० ग्रॅम कोरडं धरायचं. पिठल्यासाठी ६० ग्रॅम बेसन घरीच खमंग भाजून त्यात हळद, तिखट, मीठ, जिरेपूड आणि वाळवलेला लसूण मिसळायचा. तिथं ३०० मिलिलिटर पाण्यात आधी थंडच कालवायचं आणि मग आचेवर ठेवायचं. उकळत्या पाण्यात बेसन टाकलं तर गुठळ्या होतात आणि एका पातेल्यात त्या मोडत नाहीत. उपम्याला ८० ग्रॅम भाजलेला रवा, पाणी तिप्पट. बाकी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि सांगलीचे बेदाणे. वल्हवताना हाताशी ठेवायला बेदाण्यांसारखं काही नाही. उन्हात वितळत नाहीत आणि ओल्या हातानं खाता येतात. २३० ग्रॅमच्या गॅसच्या डब्यात वारा नसेल तर दहा-बारा लिटर पाणी उकळतं. वाऱ्याला आडोसा करायचा, पण डब्याच्या भोवती पूर्ण बंद भिंत करायची नाही. डबा तापला तर फुटू शकतो. चूल पेटवायची नाही. फेब्रुवारीपासून गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीचा वणवा डोंगरभर जातो.

ड्राय बॅग, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची पाणबंद पिशवी, हा भाग सगळ्यात चुकतो, म्हणून जरा सावकाश. तिचं तोंड तीन वेळा गुंडाळल्याशिवाय ती पाणबंद नसते. दोन घड्यांवर बकल लावलं की पाणी पहिल्या बुडीत आत येत नाही, अर्ध्या तासानं येतं, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. पिशवी गळ्यापर्यंत भरली की तीन घड्या बसत नाहीत. चार बोटं मोकळी सोडायचीच. भरल्यावर पिशवीवर गुडघा टेकवून आतली हवा काढायची, तोंडाच्या दोन्ही कडा एकमेकींवर सरळ बसवायच्या, मधली सुरकुती बोटानं सपाट करायची आणि मग घडी. ती सुरकुती राहिली की तिच्याच बारीक नळीतून पाणी चढतं. वाळूचा कण अडकला तरी तेच. एक मोठी पिशवी घेण्यापेक्षा दहा लिटरच्या तीन-चार घ्याव्यात. कयाकच्या कप्प्याचं तोंड लहान असतं, आणि पुढच्या नाकाच्या निमुळत्या जागेत मोठी पिशवी अडकून बसते. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे यांची पिशवी प्लॅस्टिकच्या दुसऱ्या पिशवीत. थोडं जास्त वाटतं, पण हिवाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात पहाटे थंडी बोचरी असते आणि ओली स्लीपिंग बॅग कोरडी व्हायला एक दिवस जातो.

कप्प्यात जड सामान खाली आणि शक्य तितकं बसायच्या जागेजवळ. पाण्याच्या बाटल्या आमच्या सीटच्या मागं, बुडाला टेकून. हलकं आणि फुगीर सामान दोन्ही टोकांना. पुढं वजन जास्त झालं तर आडव्या वाऱ्यात नाक सारखं वाऱ्याकडं वळतं, आणि एकाच बाजूनं वल्हवून खांदा दुखतो. मागं थोडं, अगदी थोडं, जास्त ठेवलं की कयाक सरळ जाते. मागं फार झालं तर नाक वारा वाहतो त्या दिशेला पळतं. तपासायला सोपी रीत: भरून पाण्यात बसा, जोडीदाराला काठावरून दोन्ही टोकं पाण्यापासून किती वर आहेत ते बघायला सांगा. डाव्या-उजव्या बाजूचं वजनही तेव्हाच कळतं. डेकवर काही बांधायचं नाही. नकाशा आणि स्पंज सोडून. डेकवरची पिशवी वाऱ्याला शिडासारखी धरते आणि उलटल्यावर कयाक सुलटी करू देत नाही.

मोकळ्या कयाकलाच काठावरून उचलायचं. भरलेली कयाक टोकाच्या दोन कड्यांना धरून उचलली की मधून वाकते, कप्प्याची झाकणं सुटतात. सामान वेगळं न्यायचं: भाजी मंडईत मिळते तसली लांब पट्ट्यांची मोठी नायलॉनची पिशवी घडी करून ठेवायची, सगळ्या ड्राय बॅगा त्यात घालून खांद्याला लावून एका खेपेत वर. चिखलाच्या पट्ट्यात मात्र हे उलटं. तिथं सामान कयाकमध्येच ठेवून दोघांनी दोन्ही बाजूंना धरून ढकलायचं. पाय रुतला तर कयाकवर भार देऊन निघता येतं. चिखलात सँडल निघून जातात, म्हणून नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट. एकटा माणूस उन्हाळ्यात या चिखलात अडकला तर फोन करायलाही हात मोकळा राहत नाही. आम्ही एप्रिल-मेमध्ये जोडीनंच जातो.

वारा हेच इथलं खरं घड्याळ. सकाळी पाणी आरशासारखं असतं. उन्हाळ्यात दुपारी बारा-एकनंतर कोकणाच्या बाजूनं, म्हणजे पश्चिमेकडून वारा येतो आणि संध्याकाळपर्यंत राहतो. शिवसागर साधारण उत्तर-दक्षिण पसरलेला, त्यामुळं मुख्य पात्रात हा वारा आडवा लागतो. बाजूच्या ओढ्यांच्या फाट्यात तो तोंडावर येतो. वारा नसताना सामानासकट ताशी चार-पाच किलोमीटर सहज निघतात, बामणोली ते तापोळा हा पल्ला एका सकाळीत होतो. वारा सुटला की हाच वेग निम्म्यावर येतो. आणि गंमत अशी की मुक्कामाला परवानगी असलेला काठ पूर्वेचा, म्हणजे वारा आणि लाटा ज्याच्यावर आदळतात तोच. आडोशाचा पश्चिम काठ आपल्यासाठी बंद. म्हणून पहाटे साडेसहाला पाण्यात, अकराच्या आत मुक्कामाच्या जागी, हा क्रम मोडायचा नाही. उशीर झालाच तर उघड्या काठाला उतरू नये, एखाद्या फाट्याच्या आत, टेकाडाच्या आडोशाला जावं. लाटांच्या काठाला लागायचं झालं तर नाक काठाकडं सरळ ठेवायचं. आडवी झाली की लाट बाजूनं उचलते आणि कयाक काठावर आदळून पाण्यानं भरते.

हिवाळ्यात वाऱ्यापेक्षा धुक्याचा त्रास. डिसेंबर-जानेवारीत सूर्य डोंगरावर येईपर्यंत समोरचं दिसत नाही, आणि लाँच आणि गाड्या वाहणारी बार्ज याच पाण्यातून जातात. धुकं असेल तर थांबायचं. निघायचंच असेल तर काठ धरून, शिट्टी गळ्यात आणि डोक्याला टॉर्च लावून. त्यांच्या मार्गावर आपण आडवे जातोय हे आपणच लक्षात ठेवायचं. लाँचच्या चालकाला पाण्यालगतचं डोकं दिसत नाही. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली वीतभर राहतात, तेही काठाजवळ. सकाळच्या तिरप्या उन्हात ते दिसत नाहीत, म्हणून काठाजवळ वेग कमी.

पाण्यात पडल्यावर परत चढण्याचा सराव झाल्याशिवाय सामान भरायचंच नाही. लाइफ जॅकेट बंद आणि आवळलेलं. खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत आलं नाही पाहिजे. सिट-ऑन-टॉप उलटली तर बुडावरून पलीकडची कड धरून सुलटी करायची, मग पाण्यात आडवं होऊन पाय मारत पोटावर चढायचं आणि शेवटी वळून बसायचं. उभं राहून चढायला गेलं की ती पुन्हा अंगावर येते. बंद डेकच्या कयाकला दोघं असतील तर दुसऱ्यानं रिकाम्या कयाकचं नाक आपल्या डेकवर ओढून पाणी ओतायचं आणि ती घट्ट धरून ठेवायची. एकट्याला वल्ह्याच्या पात्याला हवेची पिशवी लावून वल्हं आडवं टेकवायचं आणि त्याच्या आधारानं मागच्या डेकवरून आत शिरायचं. सामानाच्या वजनासकट हा सराव करायचा. रिकाम्या आणि भरलेल्या कयाकचा स्वभाव वेगळा असतो. ड्राय बॅगांत थोडी हवा राहिलेली इथं उपयोगी पडते, भरलेले कप्पे पाणी कमी घेतात.

मुक्कामाची जागा बघताना जमिनीवर खुरांच्या खुणा बघायच्या. कोयनेच्या खोऱ्यात गवे आहेत आणि ते रात्री पाण्यावर येतात. त्यांच्या वाटेवर ताडपत्री लावली तर त्यांना बाजूला जायचं कारण नाही. कयाक पाण्याच्या रेषेच्या दोन मीटर उंच तरी ओढून झाडाला किंवा दगडाला बांधायची. परतीच्या पावसात धरणाची पातळी रात्रीतूनही चढते. उघड्या उतारावर मुरुम असतो, तिथं तंबूचे खिळे जात नाहीत. पोत्याच्या चार लहान पिशव्या नेल्या की त्यात तिथलीच माती भरून ताडपत्रीच्या दोऱ्यांना वजन लावता येतं. दोरीला ट्रकवाले ताडपत्री आवळायला मारतात ती गाठ शिकून घ्यायची. रात्री दवानं नायलॉन सैल पडतं, तेव्हा त्या गाठीनं ते अंधारात एका हातानं पुन्हा आवळता येतं. ताडपत्रीची एक बाजू पश्चिमेला जमिनीपर्यंत खाली. हिवाळ्यात तिच्या आतून दव ठिबकतं, म्हणून दोन्ही टोकं उघडी ठेवायची. जेवणाच्या पिशव्या कयाकच्या कप्प्यात, झाकण लावून. माकडं बकल उघडायला शिकलेली नाहीत, पण पिशवी फाडतात. मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग दिसले की पाण्यावर राहायचं नाही आणि एकट्या झाडाखालीही नाही.

घरी आल्यावर सगळं सावलीत वाळवायचं. उन्हात ताडपत्रीचं नायलॉन आणि ड्राय बॅगांच्या शिवणी लवकर जातात. कप्प्यांची झाकणं उघडी ठेवायची, नाहीतर आत बुरशी लागते. झाकणाच्या रबरावरची माती ओल्या फडक्यानं पुसली की ती पुढच्या वेळी गळत नाहीत. कयाक कडेवर, रुंद दोन पट्ट्यांवर टांगून ठेवायची. टोकाच्या कड्यांना टांगलेली प्लॅस्टिकची कयाक उन्हाळ्याभरात मधून वाकते. हवेची असेल तर अर्धवट फुगवून ठेवायची आणि उंदरांना लागणार नाही अशा जागी, कारण गोणपाटात गुंडाळलेलं पीव्हीसी ते आवडीनं कुरतडतात.